उजवी बाजू

गाडी बघायला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्याच्या हातात मोबाइलपेक्षा लहान एक यंत्र होतं. ते तो पत्र्याला टेकवायचा, बीप वाजायचं, आकडा यायचा, तो टॅबमध्ये टाकायचा आणि वीतभर पुढे सरकायचा. डावा पुढचा दरवाजा ११२. डावा मागचा ११८. छत १०९. बॉनेट १२१. बंपर प्लॅस्टिकचा, त्यामुळे तिथं यंत्र मुकं. मग तो वळसा घालून उजवीकडे आला. पुढचा दरवाजा १९६. मागचा २१२. दोन दारांच्या मधल्या पिलरवर त्यानं दोनदा टेकवलं, कारण पहिल्यांदा आलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसला नसावा. ७६०.

"काका, उजवी बाजू झालीय ना?"

"फोनवर पहिल्या वाक्यातच सांगितलं होतं मी," बाबा म्हणाले. "दारं दोन्ही नवीन आहेत. पिलर ओढून सरळ केलाय. मागचा क्वार्टर पॅनल कापून नवीन जोडलाय. रनिंग बोर्डवर थोडी लांबी भरलीय. फाइल आहे, बघता?"

त्यानं फाइल बघितली नाही. त्याच्या टॅबमध्ये फाइलसाठी रकाना नव्हता.

हे आकडे मायक्रॉनमधले. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात, केसाच्या जाडीहून थोडं जास्त. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलं की आकडा दोनशे-तीनशेवर जातो. पाचशेच्या वर गेला की समजायचं, खाली लांबी भरलीय. म्हणजे पत्रा वाकला होता आणि ठोकून, ओढून, लेप देऊन सपाट केला आहे. हा मुलगा नुसत्या यंत्रावर विसंबून नव्हता. त्यानं दाराच्या बिजागरीचे बोल्ट बॅटरी मारून बघितले, बोल्टच्या डोक्यांवरचा रंग पान्यानं उडाला असेल तर दार कधीतरी उतरवलंय. काचांच्या कोपऱ्यातले बारीक अंक वाचले. बाकीच्या काचा २०२०च्या, उजवीकडच्या दोन २०२२च्या. एवढं सगळं वीस मिनिटांत. मी पायरीवर बसून बघत होते आणि मनात कौतुकही करत होते, कारण एखाद्याला आपलं काम येतं हे बघायला मला आवडतं.

त्या दिवशी आमच्या २०२० सालच्या, एकतीस हजार किलोमीटर चाललेल्या पांढऱ्या स्विफ्टला तीन लाख पंचाहत्तर हजारांची ऑफर आली. महिन्याभरापूर्वी आमच्याच कॉलनीतली त्याच सालातली, त्याच मॉडेलची, आमच्यापेक्षा जास्त चाललेली गाडी पाच लाख वीस हजारांना गेली होती.

गाडी उत्तम चालत होती, हे सांगायला हवं. अलाइनमेंट सरळ, दार एका बोटानं लागायचं, पावसात थेंब आत येत नव्हता. मग दीड लाख नेमके कशाचे?

*

अपघाताबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. ऑगस्ट २०२२, रविवार संध्याकाळ. मी साताऱ्याहून पुण्याला निघाले होते, एकटीच. खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर इंग्रजी 'एस'सारखं वळण आहे. त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे आणि प्रत्येकाच्या ओळखीत तिथं काहीतरी झालेलं कुणीतरी आहे. पाऊस होता. मी डाव्या लेनमध्ये होते. उजवीकडून उतारावर आलेला टेम्पो वळणात घसरला आणि माझ्या बाजूच्या दारांवर आला. उजव्या पायाची नडगी मोडली. तिच्यात आता एक रॉड आहे. चार महिन्यांनी मी धड चालायला लागले. आता चालताना सवयीच्या माणसालाच काही कळेल, थंडीत आणि जिना उतरताना मात्र मला कळतं.

गाडीचं सगळं बाबांनी बघितलं. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती उशीर झाला, का झाला, हे तीस वर्षं नोंदवण्यात गेलं, त्यामुळे नोंद हा त्यांचा स्वभावच आहे. गॅरेजमध्ये ते रोज जायचे. पिलर ओढायचं काम चाललं होतं त्या दिवशी दुपारचा डबा घेऊन गेले होते. सर्व्हेअरचा रिपोर्ट, बिलं, उघड्या पत्र्याचे फोटो, सगळं एका फायलीत, तारखेनुसार.

दुरुस्तीचा खर्च दोन लाख पस्तीस हजार आला. आमचा विमा 'झिरो डेप' होता, म्हणजे सुट्या भागांची घट न धरता कंपनी पूर्ण पैसे देते. गाडीची विम्यातली घोषित किंमत चार लाख नव्वद हजार. खर्च तिच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला असता तर गाडी 'टोटल लॉस' धरली गेली असती, पण ती रेघ पावणेचार लाखांच्या आसपास होती, आम्ही बरेच अलीकडे थांबलो. फाइल चार्जचे हजार आणि किरकोळ काही सोडून खिशातून काही गेलं नाही. बाबा कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "गाडीचं म्हणाल तर एक पैशाचं नुकसान नाही."

पॉलिसीचा कागद मी खूप नंतर वाचला. (कोण वाचतं आधी?) कंपनी कशाकशाचे पैसे देणार नाही त्या यादीत अगदी सुरुवातीला दोन शब्द आहेत, परिणामस्वरूप होणारं नुकसान आणि घसारा. म्हणजे पत्रा सरळ करून मिळेल. पत्रा एकदा वाकला होता या गोष्टीमुळे जे काही होईल, ते तुमचं तुम्ही बघा. एक पैशाचं नुकसान नाही असं बाबा ज्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, त्या दिवशी ते नुकसान होऊन गेलेलं होतं. दोन वर्षं ते आमच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभं होतं, एवढंच.

*

यातला माझ्या बाजूचा योगायोग असा, की हे नुकसान मला नावानिशी माहीत होतं.

मी हिंजवडीत काम करते. आमची टीम एका जर्मन ग्राहकासाठी मोटार विम्याचे दावे निकाली काढणारी प्रणाली सांभाळते. अपघाताच्या दाव्याचा जो तक्ता आहे त्यात दुरुस्तीचा खर्च, गाडीची बदली किंमत, भाड्याच्या गाडीचा खर्च, तज्ज्ञाची फी असे रकाने आहेत, आणि त्यांच्यात एक रकाना आहे 'वेर्टमिंडरुंग'. मूल्यघट. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या रकान्याच्या चाचण्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला वाटलं होतं हा घसाराच असणार. मी तसं लिहिलंही, आणि तिकडच्या बाईंनी कॉलवर शांतपणे समजावलं, की नाही, घसारा वेगळा. तो काळामुळे होतो. हे लोकांमुळे होतं.

पूर्ण नाव 'मर्कांटीलर मिंडरवेर्ट'. व्यापारी मूल्यघट म्हणू या. कल्पना अशी की गाडी नीट, संपूर्ण, कसलाही दोष न ठेवता दुरुस्त झाली, तरी बाजारात ती अपघाताची गाडी म्हणूनच उभी राहते. घेणाऱ्याला शंका येते, की आत काहीतरी राहून गेलं असेल. ही शंका रास्त आहे की नाही हा प्रश्नच नाही. शंका आहे म्हणून भाव पडतो, आणि भाव पडला म्हणजे नुकसान झालं. ते ज्याच्या चुकीनं अपघात झाला त्यानं, म्हणजे त्याच्या विमा कंपनीनं, भरायचं. दुरुस्तीच्या पैशांव्यतिरिक्त, वेगळं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९६१ची आहे. कार्ल्सरूह इथल्या त्यांच्या संघीय न्यायालयापुढे प्रश्न आला, की मालक गाडी विकतच नसेल, वापरतच राहणार असेल, तर त्याचं नुकसान झालं का? न्यायालय म्हणालं, झालं. अपघाताच्या क्षणी झालं. तो विको न विको. अर्थात याला शेवट आहे. २००४ साली त्याच न्यायालयापुढे सोळा वर्षं जुन्या, एक लाख चौसष्ट हजार किलोमीटर चाललेल्या मर्सिडीजचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी नकार दिला. इतक्या जुन्या गाडीची अब्रू एका धडकेनं आणखी काय जाणार, अशा अर्थाचं.

आणि हे मोजायचं कसं? पद्धती अनेक आहेत. आमच्या प्रणालीत आहे ती रूकोफ आणि साम या दोघांच्या नावानं ओळखली जाते, साठच्या दशकातली आहे आणि इतकी साधी आहे की शाळेतल्या पोराला जमेल. गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांची बेरीज करायची. तिचे काही टक्के घ्यायचे. किती टक्के, ते गाडी कितव्या वर्षात आहे आणि खर्च किमतीच्या मानानं किती आहे यावरून एका छोट्या कोष्टकात बघायचं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तर २००१पासून तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीनंही ही घट तपासून द्यायची आहे, तिथं सूत्र वेगळं.

कोष्टक मला अजून पाठ आहे. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून घरून काम करत होते त्या महिन्यांत त्याच रकान्यातला एक बग माझ्याकडे आला होता. मी तो दुरुस्त केला, आणि खाली पार्किंगमध्ये आपलीही एक गाडी गॅरेजमधून परत आलीय याचा त्याच्याशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरंच नाही आलं.

*

आपल्याकडे हा रकाना अजिबातच नाही असं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जखमेबरोबर मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा करता येतो. आमचा दावा साताऱ्यात दाखल आहे, टेम्पोच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. वकील भले आहेत, बाबांच्या ओळखीतले. त्यांच्यासमोर बसून मी विचारलं होतं, गाडीची किंमत उतरली त्याचं काय?

"गाडीचे पैसे तुमच्या कंपनीनं दिले ना?"

"दुरुस्तीचे दिले. पण आता विकायला गेलो तर कमी येतील."

"विकली का?"

"नाही."

"मग कमी आले कुठं?"

१९६१ मला तेव्हाही तोंडपाठ होतं, पण साताऱ्यात वकिलांच्या खोलीत कार्ल्सरूहचा दाखला द्यायचा धीर झाला नाही. त्यांनी गाडीवर रेघ मारली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. उपचारांचा खर्च. बुडालेला पगार. वेदना. जिल्हा रुग्णालयाचा दाखला, कायमचं अपंगत्व नऊ टक्के, उजव्या पायापुरतं. माझं काम बसून करायचं असल्यामुळे कमाईवर त्याचा परिणाम दाखवणं अवघड आहे, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "आता लग्नाचं हेड."

मला कळलं नाही.

त्यांनी समजावलं. अपघातात जखमी झालेल्या माणसाला कशाकशापोटी भरपाई मिळू शकते याची यादी सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात मांडून दिली आहे. देशभरातली न्यायाधिकरणं ती वापरतात. त्यात आयुष्यातल्या सुखसोयींची हानी असं एक शीर्षक आहे आणि त्याला जोडूनच, विवाहाच्या शक्यतेची हानी. ते पुरुषांनाही मिळतं, मिळालेलं आहे. पण वकील म्हणाले, "मुलगी आहे, अविवाहित आहे, सव्वीस वय आहे. तीन लाख मागू."

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

तर स्थिती अशी होती. गाडीची किंमत उतरली, पण ती विकलेली नाही म्हणून उतरली असं म्हणता येत नाही. माझं लग्न कुणाशी ठरलं नव्हतं, मोडलं नव्हतं, कुणी बघायलाही आलं नव्हतं. तरी माझी किंमत उतरलेली होती. अपघाताच्या क्षणी. विका न विका. जर्मन न्यायालयानं गाडीला जो न्याय दिला तो आपल्याकडे मला आयता मिळत होता.

मी सही केली. हे लिहिताना मला वाटतंय की वाचणाऱ्यांपैकी काही जणींना मी करायला नको होती असं वाटेल. मलाही मधूनमधून तसं वाटतं. पण टेम्पोवाल्याच्या विमा कंपनीला तीन लाख सोडून द्यावेत इतकी माझी तत्त्वं त्या दिवशी जागी नव्हती; पाय ठणकत होता. आणि दुसरं म्हणजे, ते खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

*

गाडी विकायचं ठरलं २०२४च्या उन्हाळ्यात. बाबांचे गुडघे क्लच दाबायला नको म्हणतात, मी पुण्यात, आणि त्या वळणावरून गाडी चालवत न्यायची माझी तयारी नाही. गाडी महिन्याला चाळीस किलोमीटर चालत होती, तीही दूध आणि दवाखाना.

यंत्रवाल्या मुलाची ऑफर नाकारून बाबांनी स्वतः विकायचं ठरवलं. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "नमस्कार, गाडी ॲक्सिडेंटची आहे. उजवी बाजू पूर्ण केलेली आहे. बाकी विचारा." बहुतेक जण बाकी विचारायचे नाहीत. एकानं 'खरं बोलल्याबद्दल थँक्यू काका' म्हणून फोन ठेवला, आणि त्याचं बाबांना दिवसभर बरं वाटलं.

पोवई नाक्याजवळ जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे एक एजंट आहेत, ते एकदा घरी आले. गाडी फिरवून आणली, खूश झाले. मग म्हणाले, "काका, खोटं बोला असं मी म्हणतच नाही. पण गिऱ्हाईक आधी गाडीत बसू दे. चालवू दे. एकदा गाडी मनात भरली की मग सांगायचं. पहिल्याच वाक्यात ॲक्सिडेंट म्हटलं की पुढचं कुणी ऐकतच नाही."

बाबांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मला त्या काळात अर्थशास्त्रातलं एक प्रसिद्ध उदाहरण आठवत राहायचं. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. विकणाऱ्याला गाडी माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खराब गाडीचा भाव देऊ पाहतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, असं काहीसं. त्या हिशोबानं बाबांसारखा माणूस म्हणजे बाजाराचं भाग्य. सगळी माहिती फायलीत, फोटोंसकट. पण प्रत्यक्षात झालं उलट. बाबा ७६० म्हणाले की ऐकणाऱ्याच्या मनात हजार यायचे. हा माणूस स्वतःहून इतकं सांगतोय, तर न सांगितलेलं किती असेल! खरं सांगणारा विकणारा आपल्या बाजाराला इतका अनोळखी आहे की त्याच्या खऱ्यातूनही लोक खोट्याचा अंदाज बांधतात.

याच उन्हाळ्यात आईनं माझा बायोडेटा केला. उंची, रक्तगट, शिक्षण, पगार, मामाचं गाव. विवाहसंस्थेच्या साइटवर 'शारीरिक स्थिती' असा रकाना होता आणि त्यात दोनच पर्याय होते. नॉर्मल, आणि दुसरा. (ज्यानं हे डिझाइन केलं त्याच्याशी मला व्यावसायिक पातळीवर बोलायचं आहे.) आईनं नॉर्मल निवडलं. बायोडेट्यात रॉडचा उल्लेख नव्हता.

मी बाबांना म्हणाले, "गाडीचं पहिल्या वाक्यात सांगता. माझं कुठंच नाही?"

बाबा म्हणाले, "अगं, तसं नाही. आधी भेटू दे माणसांना. बोलू दे. रॉड पहिल्या ओळीत लिहिला तर दुसऱ्या ओळीतली तू कुणी वाचणारच नाही."

हे वाक्य मी थोड्याच दिवसांपूर्वी, याच सोफ्यावर, दुसऱ्या माणसाकडून ऐकलं होतं. बाबांनाही ते ऐकू आलं असावं, कारण ते बोलायचे थांबले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी विकायची आहे आपल्याला. तुला विकायचं नाहीये."

यावर मी बरेच दिवस विचार केला आहे. पहिल्यांदा मला ते फार छान वाटलं. मग वाटलं, विकायचं नसेल तर लपवायचं का? मग वाटलं, विकायचं नाहीये म्हणूनच ते जाहीर करायचं कारण नाही, असं म्हणत असतील. मग आठवलं, की न्यायाधिकरणातल्या कागदावर तोच रॉड तीन लाखांचा आहे आणि त्यावर माझी सही आहे. एकाच रॉडची नोंद एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, आणि दोन्ही कागद एकाच कपाटात, एकाच माणसानं नीट लावून ठेवलेले. बाबांना हे टोचत नसेल असं नाही. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच गाळलेली नोंद असेल.

मी माझ्यापुरतं ठरवलं, पहिल्या फोनवर स्वतःच सांगायचं. आतापर्यंत तिघांना सांगितलं. एक जण म्हणाला "ओके" आणि पुन्हा फोन आला नाही. एक जण इतका हळवा झाला की मीच त्याची समजूत काढली. तिसरा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यानं विचारलं, "टायटॅनियम की स्टील?" ते स्थळ वेगळ्याच कारणानं पुढे गेलं नाही, पण तो प्रश्न मला आवडला होता.

*

गाडी घेतली वाईच्या एका गृहस्थांनी. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बायकोला घेऊन आले होते. त्यांनी यंत्र आणलं नव्हतं. त्यांनी दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं, डावीकडचा आवाज आणि उजवीकडचा आवाज. फाइल मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, ती वाचणारे ते पहिले आणि एकटेच. फोटो बघताना त्यांच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. मग त्यांनी फाइल मिटली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"काका, यात कोणी गेलं नाही ना?"

हा प्रश्न कुठल्याच कोष्टकात नाही. पण बाजारात तो असतो, हे बाबांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "माझी मुलगी चालवत होती. आत चहा करतेय."

मी ट्रे घेऊन बाहेर आले. आमच्या ओट्यापासून पार्किंगपर्यंत तीन पायऱ्या उतराव्या लागतात, आणि उतरताना माझा पाय किंचित अडतो, ते मी सांगितलंच आहे. दोघांनीही माझ्या पायाकडे बघितलं. वाईट नजरेनं नाही. नीट बघितलं, वरून खाली, एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. मग त्या गृहस्थांनी मान हलवली आणि कप उचलला. बाई म्हणाल्या, "देवाची कृपा." हातात चहाचा ट्रे, समोर परके दोघं, बाजूला बाबा अवघडून उभे, आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम असाच असतो, आणि माझा पहिला असा झाला. मला हसू आलं. बाबांना आलं नाही.

व्यवहार चार लाख दहा हजारांना ठरला. बाबांनी टोकनची पावती स्वतःच्या हातानं लिहिली आणि तिच्यात 'वाहन अपघातग्रस्त होऊन दुरुस्त केलेले आहे, खरेदीदारास संपूर्ण कल्पना दिली आहे' असं वाक्य घातलं. गृहस्थ म्हणाले, असं कशाला लिहिता, नंतर मला विकायला अवघड जाईल. बाबा म्हणाले, "म्हणूनच."

*

त्याच जुलैमध्ये, १६ तारखेला, कार्ल्सरूहच्या त्या न्यायालयानं मूल्यघटीबद्दल नवे निकाल दिले. घट मोजताना विक्रीकर धरून असलेली किंमत घ्यायची नाही, निव्वळ किमतीवरून मोजायची. करासकट किमतीवरून काढली असेल तर तेवढा भाग वजा करायचा. यथावकाश हा बदल आमच्या प्रणालीत करायचं काम आलं आणि ते माझ्या नावावर पडलं.

चाचणीसाठी आकडे लागतात. आम्ही सहसा मनाचे घालतो. त्या दिवशी ऑफिस रिकामं होतं, मी बसल्या बसल्या आमचे घातले. वय बावीस महिने, म्हणजे दुसरं वर्ष. अपघाताच्या वेळची बाजारातली किंमत साडेपाच लाख धरली. खर्च दोन लाख पस्तीस हजार. खर्च किमतीच्या तीस ते साठ टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणून पाच टक्के. सात लाख पंच्याऐंशी हजारांचे पाच टक्के.

रात्री घरी फोन केला तेव्हा बाबांना सांगितलं, की तिकडे असतो तर आपल्याला गाडीचे दुरुस्तीव्यतिरिक्त एकोणचाळीस हजार दोनशे पन्नास मिळाले असते. नवीन निकालाप्रमाणे त्यातलेही काही कमी होऊन तेहेतीसच्या आसपास.

"बस्स? आपले एक लाख दहा गेले की."

"हो."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे टीव्ही चालू होता.

"त्यांच्याकडे गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवत असतील लोक," ते म्हणाले. "पिलर बरोबरच ओढला होता गं त्यांनी. मी स्वतः उभा होतो तिथं."

मग त्यांनी विचारलं, न्यायाधिकरणाची पुढची तारीख किती आहे. मी म्हणाले, बावीस. ते म्हणाले, थांब, लिहून घेतो.